जुने इराणी वाडगे आणि त्यांची खरी स्थिती सांगणारे लंडनमधील एक दुकान

लंडनच्या पश्चिम भागातील केन्झिंग्टन चर्च स्ट्रीट हा रस्ता जुन्या भांड्यांच्या दुकानांसाठी फार वर्षांपासून ओळखला जातो. त्याच परिसरात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या एका लहान दुकानाचे हे परीक्षण आहे. तेथे इराणमध्ये नवव्या ते अठराव्या शतकांत घडवलेली मातीची भांडी मिळतात आणि त्यांतही मुख्य भरणा वाडग्यांचा आहे. दुकान वडील आणि मुलगी असे दोघेच चालवतात, आधी वेळ ठरवल्याखेरीज कोणाला आत घेत नाहीत, आणि जाहीर लेखनात आपले नाव येऊ नये अशी त्यांनी विनंती केल्यामुळे मी ते येथे देत नाही. तरीही लिहावेसे वाटले, कारण या दुकानात वस्तू ज्या रीतीने दाखवली जाते ती रीत प्रत्येक ग्राहकाने प्रत्येक विक्रेत्याकडे मागावी अशा योग्यतेची आहे. युरोपात राहणारे अनेक मराठी लोक आता जुन्या वस्तूंच्या खरेदीकडे वळत आहेत आणि त्यांना या विषयावर मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. मी येथून खरेदी केली आहे आणि पुढेही करीन. किमती कमी आहेत किंवा माल दुर्मीळ आहे म्हणून नव्हे, तर समोर ठेवलेल्या वाडग्याचा किती भाग खरोखर जुना आहे हे येथे ग्राहकाने विचारण्याच्या आत सांगितले जाते म्हणून. जुन्या इराणी वाडग्यांच्या व्यवहारात याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी ही भांडी आपल्यापर्यंत कशी आली ते पाहावे लागते. ईशान्य इराणमधील नीशापूर हे शहर सामानी या इराणी घराण्याच्या राजवटीत, म्हणजे ढोबळपणे नवव्या आणि दहाव्या शतकांत, भरभराटीला आले होते. १२२१ मध्ये मंगोल सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्याआधी आणि नंतरही तेथे मोठे भूकंप झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ ते १९४० या काळात आणि पुन्हा १९४७ मध्ये तेथे रीतसर उत्खनन केले, आणि मिळालेल्या वस्तूंची वाटणी तेहरानचे संग्रहालय आणि न्यूयॉर्कचे संग्रहालय यांच्यात झाली. पण त्या उत्खननाच्या आधी आणि नंतर स्थानिक खणणाऱ्यांनी त्याच टेकड्या उकरल्या होत्या. जमिनीखाली सात-आठशे ते हजार वर्षे पडून राहिलेले पातळ मातीचे भांडे अखंड निघणे हा अपवाद असतो. निघतात त्या खापऱ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथील धनिकांना मात्र अखंड वाडगेच हवे होते. परिणामी खापऱ्या जुळवणारे, मधल्या रिकाम्या जागा प्लास्टरने भरणारे आणि त्या भरावावर जुन्या नक्षीची नक्कल रंगवणारे अत्यंत कुशल कारागीर तयार झाले. कित्येकदा एका वाडग्याचे बूड, दुसऱ्याचा काठ आणि तिसऱ्याच्या बाजूचा तुकडा घासून एकत्र बसवला गेला. आज बाजारात ‘दहावे शतक, नीशापूर’ असे लिहिलेला आणि एकही तडा न दिसणारा वाडगा समोर आला, तर आनंद होण्याच्या आधी शंका यायला हवी.

या दुकानात शिरल्यावर प्रथम लक्षात येते ते हे की काही वाडगे मुद्दाम पालथे ठेवलेले आहेत. वाडग्याची आतली बाजू ग्राहकाला मोह घालते, आणि बुडाच्या कड्यात दिसणारी उघडी माती, तिचा रंग, तिच्यावर साचलेले क्षार, कुंभाराने चाकावरून उतरवल्यावर छाटलेल्या कडा या गोष्टी त्याचे वय आणि मूळ सांगतात. प्रत्येक वाडग्यासोबत एक जाड कागदाचे पत्रक असते. त्यावर वाडग्याची दोन रेखाचित्रे असतात, एक आतून आणि एक बाहेरून, आणि त्यांत जेथे जेथे भराव घातला आहे तो भाग तिरप्या रेघांनी भरलेला असतो. जोडाच्या रेषा वेगळ्या, नव्याने रंगवलेला भाग वेगळा. मी इतरत्र पाहिलेल्या विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ‘काही दुरुस्ती, वयाला साजेशी’ एवढेच वाक्य असते, आणि त्या वाक्यात काठावरच्या टवक्यापासून अर्ध्या गायब वाडग्यापर्यंत सर्व काही मावते. येथे रेखाचित्र पाहिल्यावर ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी हिशेब करता येतो.

हे रेखाचित्र खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोयही तेथेच आहे. मालकांची कन्या खिडकीचे पडदे ओढून अतिनील प्रकाशाची विजेरी आपल्या हातात देते. त्या प्रकाशात मूळ झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, एका तऱ्हेने दिसते आणि आधुनिक रंग, राळ व गोंद वेगळ्याच, बहुधा दुधी किंवा निळसर उजेडात उठून दिसतात. दिवसाच्या उजेडात एकसंध भासणाऱ्या एका वाडग्यावर मी विजेरी फिरवली, तेव्हा काठाजवळ हाताच्या पंजाएवढा भाग स्पष्ट वेगळा दिसला आणि तो पत्रकावरील रेघांच्या भागाशी नेमका जुळला. त्या क्षणी या दुकानावर माझा विश्वास बसला. बोटाच्या नखाने काठ हलकेच वाजवून पाहण्याची जुनी पद्धतही ते दाखवतात. भेगाळलेले किंवा जोडलेले भांडे बद्द वाजते. मात्र एवढ्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये, असेही ते लगेच सांगतात.

आता मालाविषयी. दुकानाची खरी ताकद नीशापूर आणि (आजच्या उझबेकिस्तानातील) समरकंद या परंपरेतील, लेपावर रंगवलेल्या वाडग्यांत आहे, आणि माझे प्रेमही त्यांच्यावरच आहे. लालसर मातीच्या वाडग्यावर आधी पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला जाई. त्यावर काळ्या, जांभळट-तपकिरी किंवा विटकरी रंगाने कूफी वळणाची अरबी अक्षरे काठाभोवती लिहिली जात, आणि वरून शिसेयुक्त पारदर्शक झिलई चढवून भांडे भाजले जाई. शिसेयुक्त झिलई भट्टीत वितळते तेव्हा तिच्याखालचे साधे रंग ओघळतात. तेथील कुंभारांनी त्यावर तोडगा काढला तो असा की रंग देणारी खनिजे बारीक मातीत कालवून त्या मातीनेच लिहायचे, म्हणजे रंग जागच्या जागी धरून राहतो. अक्षरांच्या कडा आजही धारदार दिसतात त्या यामुळेच. ज्यांच्याकडे झिलईखाली रंग स्थिर ठेवण्याचा दुसरा उपाय नव्हता त्यांनी मर्यादेतून ही शैली घडवली, आणि माझ्या मते इराणी कुंभारकामाची सर्वांत संयत, सर्वांत पूर्ण अशी कामगिरी तीच आहे. नंतरच्या शतकांतील लखलखाट मला आवडतो, पण पांढऱ्या वाडग्याच्या काठावरून उंच, ताठ अक्षरांची एक ओळ फिरते आणि मधली सारी जागा कोरी सोडलेली असते, तेव्हा त्या संयमापुढे बाकी सारे काही गर्दीचे वाटू लागते.

त्या ओळींत बहुधा आशीर्वचने किंवा नीतिवचने असतात. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या जातीचा एक थोरला वाडगा आहे, व्यास ४५.७ सेंटिमीटर, आणि त्यावरील वचनाचा आशय असा आहे की कामाआधी केलेला विचार पश्चात्तापापासून वाचवतो. जेवणाच्या भांड्यावर असे काही लिहिणारा समाज वाचणारा होता, आणि पाहुण्यापुढे अन्नाबरोबर शहाणपणाचा शब्दही ठेवावा असे त्याला वाटत होते. अर्थात सर्व वाडगे इतके बोलके नसतात. अनेकांवर ‘बरकत’ किंवा तशाच एखाद्या शुभशब्दाची पुनरावृत्ती असते, आणि काहींवर अक्षरांसारख्या दिसणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या खुणा असतात.

येथेच दुकानाची पहिली उणीव नोंदवतो. पत्रकावर दुरुस्तीची इतकी काटेकोर नोंद करणारे हे लोक अक्षरांचे वाचन मात्र देत नाहीत. ‘काठावर कूफी लेख’ एवढाच उल्लेख असतो. विचारल्यावर मालकांनी दोन वाडग्यांवरील शब्द तोंडी वाचून दाखवले, तिसऱ्याबद्दल खात्री नसल्याचे सांगितले. हे मोकळेपणाने सांगणे चांगले आहे, पण हजारो पौंड देणाऱ्या ग्राहकाला लेखाचे वाचन आणि भाषांतर लेखी मिळायला हवे. त्यात व्यवहाराचाही मुद्दा आहे. भरावावर नवीन अक्षरे रंगवणारा कारागीर बहुतेकदा अरबी जाणत नसे, त्यामुळे ओळ मध्येच निरर्थक झाली असेल तर तेथे नवे काम झाले असण्याची शक्यता वाढते. म्हणजे वाचन हीदेखील एक तपासणीच आहे.

नीशापूरचीच दुसरी एक जात आहे, पिवळट मातीच्या वाडग्यांची, ज्यांवर पिवळ्या आणि हिरव्या रंगांत घोडेस्वार, पक्षी, नर्तक, प्राणी दाटीवाटीने रंगवलेले असतात. ही जात नीशापूरचीच खासियत मानली जाते. चित्रांमुळे तिला बाजारात मोठी मागणी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर नंतर फार हात फिरवला गेला आहे. मालकांनी मला स्पष्ट सांगितले की घोडेस्वाराचा चेहरा अखंड असलेला वाडगा ते सहसा विकत घेत नाहीत, कारण चेहरा बहुधा नवा निघतो. दुकानात या जातीचा एकच वाडगा होता, अर्धवट, एका पक्ष्याचे डोके नसलेला. रिकाम्या जागेत त्यांनी साधा मातकट भराव ठेवला होता, रंगवला नव्हता. तो पाहताना पक्ष्याचे उरलेले शरीर किती जोमदार रेघेने काढले आहे ते अधिक स्पष्ट दिसते. संग्रहालयांतील जाणकार दुरुस्तीकार आता हीच पद्धत वापरतात, आणि खासगी दुकानात ती पाहून मला मनापासून बरे वाटले.

काशान या मध्य इराणमधील शहराच्या भांड्यांकडे आल्यावर सारे काही बदलते, मातीपासून किमतीपर्यंत. बाराव्या शतकात येथील कुंभारांनी नेहमीची माती जवळजवळ सोडून दिली आणि दळलेल्या गारगोटीपासून पांढरे, कडक भांडे बनवण्याची रीत आत्मसात केली. काशानच्या एका नामांकित कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात तिचे प्रमाण दिले आहे: दहा भाग गारगोटीचे पीठ, एक भाग काचेचा चुरा आणि एक भाग पांढरी माती. चीनहून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांची बरोबरी करण्याची आकांक्षा त्यामागे होती. चिनी कुंभारांकडची माती इराणमध्ये नव्हती, म्हणून त्यांनी वेगळ्या वाटेने तोच शुभ्रपणा गाठला. या अंगावर त्यांनी तांबे आणि चांदी यांच्या संयुगांनी रंगवून, दुसऱ्यांदा धुराच्या, कमी हवेच्या भट्टीत भाजून, सोन्यासारखी झळाळी आणली. तिला लस्टर म्हणतात. झिलईच्या वर अनेक रंग चढवून पुन्हा मंद आचेवर भाजलेल्या भांड्यांना मीनाई म्हणतात. मीनाईचा बहराचा काळ फार थोडा, साधारण ११८० ते १२२० एवढाच आहे.

मीनाई वाडगे पाहून कोणाचाही जीव हरखेल. सिंहासनावर बसलेला राजा, दोन्ही बाजूंना सेवक, घोडेस्वारांची रांग, निळा, लाल, काळा आणि सोन्याचा वर्ख, हे सारे आपल्याला परिचित असलेल्या लघुचित्रांचेच जग आहे, आणि इराणमधील सचित्र हस्तलिखिते त्या काळापासून जवळजवळ उरलेली नसल्याने त्या चित्रकलेचा पुरावा म्हणूनही हे वाडगे मोलाचे आहेत. पण रंग झिलईच्या वर असल्यामुळे ते घासून जातात, आणि घासून गेलेल्या चित्रावर पुन्हा चित्र काढणे अगदी सोपे असते. त्यामुळे मीनाईइतकी नव्याने रंगवलेली दुसरी जात बाजारात सापडणार नाही. या दुकानात अखंड मीनाई वाडगा ठेवलेलाच नाही. त्याऐवजी खापऱ्या आहेत, तळहातावर मावतील अशा, आणि त्या खापऱ्या म्हणूनच विकल्या जातात. एका खापरीवर दोन चेहरे आणि घोड्याच्या मानेचा बाक एवढेच उरले होते. कोणीही त्यात काही वाढवलेले नव्हते. माझ्या मते हजारो पौंडांच्या संशयास्पद वाडग्यापेक्षा अशी एक खापरी घरात असणे श्रेयस्कर आहे. याच भागात फिरोजी झिलईखाली काळ्या रंगाने वेली काढलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक वाडगा होता. तीन तुकड्यांतून जोडलेला, पण तिन्ही तुकडे एकाच वाडग्याचे, आणि तो माझ्या आवाक्याबाहेर होता.

त्यानंतरच्या शतकांचा भाग दुकानात तुलनेने कच्चा आहे. सफवी घराण्याच्या काळात, म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकांत, किरमान आणि मशहद या इराणी शहरांत चिनी धर्तीची निळी-पांढरी भांडी होत. सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमधील अंतर्गत युद्धांमुळे तेथील पुरवठा तुटला, तेव्हा डच व्यापारी हाच इराणी माल उचलू लागले. त्या काळाचे दोन-तीनच नमुने येथे आहेत, आणि त्यांची पत्रकेही त्रोटक आहेत. ज्यांना निळ्या-पांढऱ्या भांड्यांचाच नाद आहे त्यांनी दुसरीकडे पाहावे.

मी जो वाडगा घेतला तो नीशापूरच्या पांढऱ्या लेपाच्या जातीचा आहे. काठाजवळचा सुमारे पाचवा भाग भरावाचा आहे, एक तडा बुडापर्यंत गेला आहे, आणि आत तीन लहान उघडे ठिपके आहेत. भट्टीत वाडगे एकमेकांवर रचताना मध्ये मातीची तिपाई ठेवत, तिच्या पायांच्या त्या खुणा आहेत. किंमत चार आकडी पौंडांत, त्यातही खालच्या बाजूला होती. खरेदीपूर्वी मी थर्मोल्युमिनेसन्स तपासणीची मागणी केली आणि दुकानाने ती विनातक्रार मान्य केली. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला.

या तपासणीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिच्या प्रमाणपत्राबद्दल फार गैरसमज आहेत. मातीतील स्फटिक आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा वर्षानुवर्षे साठवत राहतात. भांडे भट्टीत भाजले की ती साठवण शून्यावर येते आणि तेथून पुन्हा सुरू होते. प्रयोगशाळेत बुडाला बारीक छिद्र पाडून घेतलेला मातीचा चुरा तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि तिच्यावरून शेवटच्या भाजणीपासून किती काळ लोटला याचा अंदाज काढता येतो. म्हणजे तपासणी त्या चुऱ्याचे वय सांगते. वरचा काठ त्याच वाडग्याचा आहे की नाही, अक्षरे कोणत्या शतकात रंगवली, हे ती सांगत नाही. जुन्या बुडावर नवे अंग बसवलेला वाडगा या तपासणीत सहज उत्तीर्ण होईल. म्हणून या दुकानाने स्वतःहून दोन ठिकाणांचा, बुडाचा आणि काठाजवळच्या मूळ भागाचा, चुरा देण्याची तयारी दाखवली याला मी मोठे महत्त्व देतो. माझ्या वाडग्याचे दोन्ही निकाल अपेक्षित काळाशी सुसंगत आले. याआधी एका ऑनलाइन लिलावात मी अशाच एका वाडग्याची चौकशी केली होती. तेथे फक्त वरून काढलेले छायाचित्र आणि एकाच छिद्राचे प्रमाणपत्र होते, आणि बुडाचे छायाचित्र मागितल्यावर उत्तर आले नाही.

वाडगा कोठून आला हा प्रश्न तो खरा आहे की नाही या प्रश्नाइतकाच गंभीर आहे. इराणने १९३० मध्येच पुरातन वस्तूंविषयी कायदा करून उत्खनन आणि निर्यात यांवर शासनाचे नियंत्रण आणले. युनेस्कोचा सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा करार १९७० चा आहे. इराणने तो १९७५ मध्ये, भारताने १९७७ मध्ये आणि ब्रिटनने २००२ मध्ये स्वीकारला. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने बेकायदा रीतीने काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा जाणूनबुजून व्यवहार करणे हा गुन्हा ठरला. चोरून खणलेल्या प्रत्येक वाडग्याबरोबर ती जागा, तो थर, शेजारच्या वस्तू, म्हणजे त्या भांड्याविषयी जे काही कळू शकले असते ते सारे कायमचे नष्ट होते. ज्या वस्तूवर आपले प्रेम आहे तिच्याविषयीचे ज्ञानच पुसून टाकणाऱ्या व्यवहारात संग्राहकाने सामील होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या मार्गाने आलेला मालही पुष्कळ आहे. तेहरानमधील तारखात्याचे ब्रिटिश संचालक रॉबर्ट मर्डोक स्मिथ यांनी १८७३ पासून साउथ केन्झिंग्टनच्या संग्रहालयासाठी, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी, इराणमध्ये हजारो वस्तू खरेदी केल्या. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या तारेच्या देखरेखीसाठी हा अधिकारी तेथे होता. १९३१ मध्ये लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये इराणी कलेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि त्यानंतर खासगी संग्रहांचे प्रमाण आणखी वाढले. मी घेतलेल्या वाडग्यासोबत १९६० च्या दशकातील विक्रीची पावती आणि त्याच काळातील कृष्णधवल छायाचित्र मिळाले. छायाचित्रातील तडा आणि प्रत्यक्षातील तडा एकच आहे. दुकानातील सर्वच वाडग्यांना अशी कागदपत्रे नाहीत, आणि ज्यांना नाहीत त्यांच्या पत्रकावर तसे लिहिलेले आहे. माझी अपेक्षा याहून पुढची आहे. १९७० पूर्वीचा पुरावा नसलेला वाडगा त्यांनी विक्रीला ठेवूच नये. मी हे त्यांच्यापाशी बोललो. मालकांनी ऐकून घेतले, पण मान्य केले नाही. या दुकानाविषयीचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

भारतात वाडगा नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. भारताचा १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेष मानतो आणि खासगी व्यक्तीने त्या देशाबाहेर नेण्यास मनाई करतो. परदेशातून आणलेली जुनी वस्तू पुढे पुन्हा बाहेर न्यायची वेळ आली तर अडचण येऊ शकते, म्हणून आणतानाची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि आधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. ब्रिटनमधून नेतानाही पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूंना ठरावीक किमतीच्या वर निर्यात परवाना लागतो. या कागदपत्रांच्या बाबतीत दुकानाची सेवा संथ आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला परवान्याच्या अर्जासाठी लागणारी विक्रेत्याची माहिती मिळवायला वारंवार आठवण करावी लागली.

बाकी सेवा उत्तम आहे. वाडगा घरी आला तो दुहेरी खोक्यात, आतल्या बाजूस त्याच्याच आकाराचा स्पंज कापून. तपासणीत काही खोट निघाल्यास पूर्ण पैसे परत करण्याची लेखी हमी होती. सोबत निगेविषयी एक पान होते, त्यातील मजकूर मला योग्य वाटला. वाडगा पाण्याने धुऊ नये, कारण जुना गोंद सुटतो आणि मातीत मुरलेले क्षार हलून झिलई उखडते. मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. काठाला धरून कधीही उचलू नये, दोन्ही हातांची ओंजळ करून बुडाखालून उचलावा. आणि त्यात खाण्याचा पदार्थ कधीही ठेवू नये, कारण झिलईत शिसे आहे.

ज्यांना ही खरेदी करावीशी वाटते त्यांनी दुकानाची वेळ घेण्याआधी संग्रहालयांत पुरेसा वेळ घालवावा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील मातीच्या भांड्यांची दालने आणि खालचे जमील दालन, ब्रिटिश म्युझियममध्ये २०१८ साली उघडलेले इस्लामी जगाचे दालन आणि तेथील गॉडमन संग्रह, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमधील ॲलन बार्लो आणि जेराल्ड राइटलिंगर यांनी दिलेले संग्रह, या साऱ्यांना प्रवेश विनामूल्य आहे. अस्सल झिलई जमिनीखाली राहून कशी मंदावते, काही ठिकाणी तिच्यावर इंद्रधनुषी पापुद्रे कसे येतात, जुनी रेघ किती सहज फिरते आणि नकलेची रेघ कशी अडखळते, हे डोळ्यांना तेथेच कळते. काचेपलीकडून पाहताना बूड दिसत नाही ही मात्र तेथील मर्यादा आहे, आणि ती या दुकानात भरून निघते. मालक कोणताही वाडगा हातात घेऊ देतात, खरेदीचा आग्रह न धरता.

थोडक्या पैशांत सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी खिडकीखालचा खापऱ्यांचा खण उघडून दाखवायला सांगावे. त्यात कूफी अक्षराचा एखादा उभा दांडा असलेले पांढरे तुकडे आहेत, हिरव्या आणि पिवळ्या ओघळांचे कोरीव तुकडे आहेत, लस्टरची झळाळी धरून राहिलेले काठ आहेत. प्रत्येकाची किंमत मागच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेली असते. वाडग्याच्या तुटलेल्या कडेत माती, लेप, रंग आणि झिलई हे चारही थर एकावर एक स्पष्ट दिसतात. भेटीची वेळ सकाळची मागावी, कारण खिडकी पूर्वेकडे आहे आणि दुपारनंतर खोलीत विजेच्या पिवळ्या दिव्यांखेरीज उजेड राहत नाही.